मापाचं पाणी

जुलाब लागले की घरात पहिला प्रश्न निघतो तो "बंद कशानं होतील?" हाच. मग जायफळ उगाळलं जातं, कोरा चहा होतो, मागच्या वेळची उरलेली गोळ्यांची पट्टी कपाटातून बाहेर येते, कुणीतरी मेडिकलमधून थांबवायची गोळी घेऊन येतं. सगळी धडपड मायेपोटीच असते, पण प्रश्न चुकलेला असतो. साधे जुलाब बहुतेक वेळा चार-सहा दिवसांत आपले आपण थांबतात. तेवढ्या दिवसांत जीव धोक्यात येतो तो अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यामुळे. म्हणून विचारायचं ते एवढंच, की किती गेलं आणि तेवढं परत कसं घालायचं.

नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न ठरलेल्या वेळी उभा राहतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर मे महिन्यात विहिरी तळाला जातात आणि टँकर येतो. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की वरची सगळी घाण वाहून त्याच विहिरीत उतरते. द्राक्षांच्या हंगामात निफाड-दिंडोरीच्या बागांवर मजूर मुलाबाळांसह मुक्कामाला असतात, पिण्याचं पाणी शेतावरच्या टाकीतलं. शहरात जुनी पाइपलाइन कुठे गटाराजवळून गेली असेल आणि पाणी दिवसातून थोडाच वेळ येत असेल, तर उरलेल्या वेळात रिकामी पाइप बाहेरचं आत ओढून घेते. आणि 2027 मध्ये तर सिंहस्थ आहे.

आधी पोटात काय चालतं ते पाहू. दिवसभरात आपण पाणी, चहा, ताक, आमटी धरून साधारण 2 लिटर द्रव पोटात घालतो. त्यात शरीर स्वतःचे आणखी सुमारे 7 लिटर ओततं. लाळ, जठरातला रस, पित्त, स्वादुपिंडाचा रस, खुद्द आतड्यातला स्राव, असं सगळं मिळून. म्हणजे रोज जवळजवळ 9 लिटर पाणी आतड्यातून जातं आणि शौचावाटे बाहेर पडतं ते जेमतेम 100 ते 200 मिलीलिटर. उरलेलं सगळं परत रक्तात खेचलं जातं. हा हिशोब किती बारीक आहे बघा. खेचण्याच्या कामात थोडी कसर राहिली, तरी दोन-तीन लिटर पाणी खाली जातं.

हे खेचण्याचं काम करतात आतड्याच्या आतल्या बाजूचे मिलिमीटरभर उंचीचे बारीक उंचवटे, व्हिलाय. त्यांच्या शेंड्याकडच्या पेशी शोषून घेतात, तळाकडच्या पेशी पाणी सोडतात. जुलाब दोन्हीकडून बिघडू शकतात. रोटाव्हायरस शेंड्याच्या पेशी मारतो, म्हणजे शोषणारेच कमी होतात. कॉलऱ्याची तऱ्हा वेगळी. 1959 मध्ये कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी दाखवलं की कॉलऱ्याचा जंतू एक विष सोडतो आणि जुलाब होतात ते त्या विषानं. आतड्याच्या भिंतीला तो इजा करत नाही. त्या विषामुळे पेशीतून क्लोराइड बाहेर जाण्याचा मार्ग उघडाच राहतो. क्लोराइडमागे सोडियम जातं आणि त्यांच्यामागे पाणी. मोठ्या माणसाचं तासाला एक लिटरपर्यंत पाणी असं जाऊ शकतं. सकाळी चालताबोलता असलेला माणूस संध्याकाळपर्यंत हाती लागत नसे, तो यामुळे.

आता या सगळ्या विषयातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. शोषणाऱ्या पेशींवर एक वाहक प्रथिन असतं. ते एकटं ग्लुकोज आत घेत नाही आणि एकटं सोडियमही घेत नाही. ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन असे जोडीनं आले तरच ते आत सोडतं, आणि ही जोडी आत गेली की पाणी तिच्यामागे जातं. अमेरिकेचे जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये प्रागमधल्या एका परिषदेत ही कल्पना मांडली. कॉलऱ्याचं विष या वाहकाला हात लावू शकत नाही. रोटाव्हायरसमध्येही सगळ्या पेशी एकदम मरत नाहीत, बऱ्याच शाबूत राहतात. खाली धो धो जात असतानासुद्धा वरून घेण्याची ही वाट चालू असते. तिच्यातून पाणी आत न्यायला साखर आणि मीठ दोन्ही लागतात, तेही ठरलेल्या प्रमाणात.

नुसतं साधं पाणी पाजत राहिलं तर ही जोडी जमत नाही. पाणी नीट शोषलं जात नाही, आणि जे शोषलं जातं त्यानं रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं. लहान मुलाला त्यानं झटकेही येऊ शकतात.

ही गोष्ट प्रयोगशाळेतून माणसांपर्यंत आणण्याचं फार मोठं श्रेय डॉ. दिलीप महालनबीस यांचं. 1971 मध्ये बांगलादेशातून लाखो निर्वासित आले, बनगावच्या छावणीत कॉलरा उसळला, शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. त्यांनी एक लिटर पाण्याला 22 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ आणि 2.5 ग्रॅम खाण्याचा सोडा या मापानं पुड्या भरून घेतल्या, पाणी पिंपात कालवलं, पिंपाला तोटी बसवली आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 3.6 टक्क्यांवर आलं. आईनं, बहिणीनं, शेजारणीनं पेल्यानं पाजलेलं पाणी होतं ते. 2022 मध्ये डॉ. महालनबीस गेले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आपल्याकडे शाळेतल्या मुलांना हे नाव ठाऊक असायला हवं, असं मला फार वाटतं.

आज आशाताईंकडे, अंगणवाडीत आणि आरोग्य केंद्रात फुकट मिळणाऱ्या ओआरएसच्या, म्हणजे जुलाबात तोंडानं द्यायच्या साखर-मिठाच्या पाकिटात 2002 पासून ठरलेलं सूत्र असतं. 1 लिटरला ग्लुकोज 13.5 ग्रॅम, मीठ 2.6 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम. या द्रावणात सोडियम आणि ग्लुकोज रेणूंच्या हिशेबानं अगदी सारखे येतात, 75 ला 75. द्रावण रक्तापेक्षा किंचित पातळ राहतं, त्यामुळे पाणी आतड्यातून रक्ताकडे जातं. जुन्या सूत्रात साखर-मीठ दोन्ही जास्त होतं. पोटॅशियम कशाला, तर जुलाबावाटे तेही जातं आणि ते कमी पडलं की स्नायू ढिले पडतात, पोट फुगतं. सायट्रेटचं शरीरात बायकार्बोनेट होतं आणि रक्तातली वाढलेली आम्लता उतरते. पूर्वी तिथे खाण्याचा सोडा असायचा, पण दमट हवेत ती पूड लवकर खराब व्हायची.

एवढं नेमकं औषध घरात येतं आणि मग पेल्यात बिघडतं. सगळ्यात जास्त दिसणारी चूक अशी, की 1 लिटरचं मोठं पाकीट एका पेल्यात कालवलं जातं. पेला 200 मिलीलिटरचा धरला तर द्रावण पाचपट घट्ट झालं. सोडियमच्या मापानं ते समुद्राच्या पाण्याच्या जवळ जातं. ते पोटात गेलं की रक्तातलं पाणी उलट आतड्याकडे ओढलं जातं, जुलाब वाढतात, आणि रक्तातलं मीठ चढून मूल चिडचिडं होतं, पुढे झटकेही येतात. दुसरी चूक काटकसरीची. अर्धं पाकीट आज, अर्धं उद्या. पाकिटातले चार पदार्थ एकजीव नसतात, अर्ध्यात कशाचा किती भाग आला ते कळायला मार्ग नाही, आणि उघडं पाकीट ओल धरतं. पाकीट मोठं आहे की 200 मिलीलिटरचं छोटं, ते त्यावर छापलेलं असतं. वाचावं, आणि पूर्ण पाकीट तेवढ्याच पाण्यात घालावं.

लिटर मोजायचं कशानं? तांब्या, लोटा, फुलपात्र प्रत्येक घरात वेगळं. पण विकतच्या पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली आता पाड्यावरही सापडते. ती धुवून, उकळून गार केलेल्या पाण्यानं एकदा भरावी, ते पाणी स्वच्छ पातेल्यात ओतावं, त्यात अख्खं पाकीट घालून विरघळेपर्यंत ढवळावं. कालवल्यावर पुन्हा उकळू नये, वाफ गेली की माप गेलं. दूध, सरबत, जास्तीची साखर काही घालू नये. गार करून दिलं तर चालतं, मुलं तसं जास्त आवडीनं पितात. झाकून ठेवावं, 24 तासांनी उरलेलं ओतून द्यावं आणि नवं करावं.

पाकीट नसेल तर घरचं करता येतं. 1 लिटर पाण्याला साखर 6 चमचे आणि मीठ अर्धा चमचा. चमचा म्हणजे 5 मिलीलिटरचा, चहाचा. पोह्याचा नव्हे. आणि चमचा सपाट, सुरीच्या पाठीनं वरचं काढून टाकलेला. शिगोशीग भरला तर मीठ दुप्पटही होतं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर 5 मिलीलिटरची खूण असलेलं झाकण असतं, ते इथे उपयोगी पडतं. झाल्यावर चाखून बघावं. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ते टाकून द्यायचं आणि नव्यानं करायचं. यात पोटॅशियम नसतं, म्हणून ही वेळ मारून नेण्याची सोय आहे. पाकीट मिळालं की पाकिटावर यावं.

थंड पेयाच्या बाटलीत लिटरला 100 ग्रॅमच्या वर साखर असते आणि मीठ जवळजवळ नाहीच. ती साखर आतड्यात पाणी ओढून जुलाब वाढवते. पाण्यात घोळलेल्या ग्लुकोज पावडरीतही तेच, मिठाविना गोड. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम फार कमी, सोबत द्यायला चांगलं, एकट्यानं पुरेसं नाही. आणि मेडिकलमध्ये मिळणारी रंगीत टेट्रापॅक पेयं. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ शिवरंजनी संतोष यांनी त्यांच्याविरुद्ध वर्षानुवर्षं झगडा दिला, तेव्हा कुठे 2025 च्या ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं खाद्यपेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली. तरी घेताना सूत्र वाचावं. लिटरमागे ग्लुकोज 13.5 ग्रॅम लिहिलं असेल तर ते खरं.

पाजण्याची रीतही मापात आहे. दर पातळ शौचानंतर दोन वर्षांखालच्या बाळाला 50 ते 100 मिलीलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला 100 ते 200, मोठ्यांना मागतील तेवढं. तान्ह्याला चमच्यानं, मिनिटा-दोन मिनिटांनी एक. मूल तहानेलं असतं, पेला लावला की घटाघटा पितं आणि ताणलेल्या पोटातून सगळं उलटून टाकतं. मग घरचे म्हणतात, त्याला ओआरएस पचत नाही. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबावं आणि पुन्हा चमच्यानं, आधीपेक्षा सावकाश सुरू करावं. हे कंटाळवाणं काम आहे, रात्रभर बसून करावं लागतं, आणि तेच उपचार आहे. डोळे ओढलेले आणि मूल तहानेनं वखवखलेलं असेल तर वजनाच्या किलोमागे 75 मिलीलिटर असा हिशोब धरून चार तासांत पाजतात. दहा किलोच्या मुलाला पाऊण लिटर. मात्र हे आरोग्य केंद्रात, नजरेखाली झालेलं बरं.

किती गेलं हे ओळखायचं कसं? पुरात नाशिककर गोदावरीचं पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर वाचतात, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. अंगातल्या पाण्यासाठी तशी खूण म्हणजे लघवी. दर तीन-चार तासांनी, फिकट रंगाची होत असेल तर पाणी पुरतंय. गडद, थोडी, सहा तासांत एकदाही नाही, तर पाणी उतरलंय. पुढच्या खुणा डोळ्यांना दिसतात. रडताना अश्रू नाहीत, जीभ कोरडी, डोळे खोल. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच सपाट व्हायला हवी. दोन सेकंदांहून जास्त वेळ घडी तशीच राहिली तर फार पाणी गेलंय. दहा किलोच्या मुलाच्या अंगातून एक लिटर पाणी जाणं म्हणजे वजनाचा दहावा भाग. एवढं गेल्यावर मूल मलूल होतं, पाणी मागायचंही थांबतं. मागणं थांबलं म्हणून घरात हायसं वाटतं. नेमकी तीच घटका धोक्याची.

तान्ह्या बाळाची टाळू खोल गेलेली दिसली की आजी म्हणते, टाळू बसली, आणि तेल भरते. आजीची नजर चुकलेली नसते. टाळू खरंच बसलेली असते, कारण अंगातलं पाणी गेलेलं असतं. ती वर येते तोंडावाटे पाणी पोटात गेल्यानं, तेलाचा तिथे उपयोग नाही. तसंच "दात येताहेत म्हणून लागलंय" हेही. त्या वयात बाळ रांगायला लागतं, जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं, जंतू तिथून जातात. दातांवर ढकलून दोन दिवस थांबलं की ते दोन दिवस वाया जातात.

थांबवायच्या गोळीचं म्हणायचं तर ती आतड्याची हालचाल मंद करते, आत पाणी सुटणं चालूच राहतं. लहान मुलांना ती देऊच नये, पोट फुगून गंभीर त्रास होतो. अँटिबायोटिकचा विषाणूवर काही उपयोग नाही. शौचात रक्त पडत असेल, ताप चढत असेल किंवा तांदळाच्या धुवणासारखं पाणी सतत जात असेल तर मात्र डॉक्टरकडे त्याच दिवशी. तिथे "एक सलाईन लावा" असा आग्रह नको. पिता येणाऱ्या माणसाला शिरेतून अर्धा लिटर देऊन जे साधतं ते तोंडानं साधतंच, शिवाय साध्या सलाईनमध्ये पोटॅशियम नसतं. मलूल, न पिणाऱ्या, सतत उलटणाऱ्या रुग्णाला मात्र शिरेतूनच लागतं, तेव्हा 108 ला फोन करायला वेळ लावू नये. मूल शुद्धीत असेल आणि गिळत असेल तर वाटेत चमचा चालू ठेवावा.

पोटाला आराम म्हणून उपाशी ठेवू नये. आतड्याच्या शेंड्याच्या पेशी तीन ते पाच दिवसांत नव्यानं येतात आणि त्यांना वाढायला अन्न लागतं. अंगावरचं दूध चालूच ठेवावं. इगतपुरीच्या तांदळाची मीठ घातलेली पेज, पातळ वरण, खारट ताक, सुरगाण्याकडची नागलीची आंबील, हे सगळं उत्तम. पेजेतला स्टार्च हळूहळू ग्लुकोज होतो, त्यामुळे साखरेसारखं पाणी ओढत नाही आणि मिठाशी जोडी मात्र जमते. सोबत मुलांना झिंक. सहा महिन्यांवरच्या बाळाला 20 मिलीग्रॅमची एक गोळी, त्याहून लहान बाळाला अर्धी, चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून, पूर्ण 14 दिवस. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की बहुतेक घरांत गोळ्याही थांबतात. पण पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब होण्याचा संभव कमी होतो तो सगळ्या गोळ्या घेतल्यावर.

विहिरीच्या पाण्यालाही मापच लागतं. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, 1000 लिटरला 5 ग्रॅम. गोल विहिरीतलं पाणी किती, तर व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, आणि त्याला 785 नं गुणायचं. 4 मीटर व्यास, 3 मीटर पाणी, म्हणजे 37,680 लिटर, म्हणजे साधारण 190 ग्रॅम. बादलीत कालवून निवळ विहिरीत सोडायची आणि अर्धा तास पाणी भरायचं नाही. गावचा जलसुरक्षक पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची ओटी टेस्ट करतो तेव्हा पाण्याला पिवळी झाक यायला हवी. येत नसेल तर आधी पोतं बघावं. नव्या पावडरीत 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, तोंड उघडं टाकलेल्या पोत्यातून तो उडून जातो, आणि मग माप बरोबर असूनही विहीर तशीच राहते.

ज्यांच्या घरी औषधांचा डबा मोठा आहे त्यांच्यासाठी थोडं. रोज ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांच्या जठरात जंतू मारणारं आम्ल कमी असतं, त्यांनी पाण्याबाबत जास्त जपावं. मधुमेह असला तरी जुलाबात ओआरएस घ्यावं, लिटरभर पाण्यात 13.5 ग्रॅमच साखर असते, फक्त रक्तातली साखर तपासत राहावं. किडनीच्या किंवा हृदयाच्या रुग्णांनी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारावं. ग्लुकोज-सोडियमची जोडी आत घेणाऱ्या आतड्यातल्या त्या वाहकाचा एक भाऊबंद किडनीत असतो, लघवीतली साखर परत घेणारा. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा 'ग्लिफ्लोझिन'नं संपणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या त्याला अडवतात, म्हणजे साखर लघवीवाटे जाते आणि सोबत पाणीही. जुलाबात खालून पाणी जात असताना वरून ही गोळी चालू राहिली तर पाणी दोन्हीकडून जातं, आणि साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्लता चढू शकते. म्हणून या गोळ्या, मेटफॉर्मिन, आणि रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी जुलाब लागले त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारावं, आज कोणती घ्यायची आणि कोणती थांबवायची. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नये.